महायंत्राची रोजकीर्द कां थांबते?

जुन्या पेढीवर दिवेलागण झाली कीं मुनीम रोजकीर्द पुढें ओढून बसे. दिवसभरांत कोणाकडून काय आलें आणि कोणास काय गेलें, हें त्या वहींत घडलें त्या क्रमानें उतरलेलें असे. खतावणी मागाहून होई, ताळेबंद त्याहूनहि मागाहून. परंतु व्यवहारांत तंटा उत्पन्न झाला म्हणजे पंचांपुढें ठेवली जाई ती रोजकीर्दच. तिचें एखादें पान फाटलेलें निघालें तर सावकाराची सारी अब्रू त्या एका पानाशीं अडकून पडे. मग त्या पानावर चार आण्यांची सुपारी लिहिलेली असो कीं चार हजारांची हुंडी असो.

आज मोठमोठ्या बँका, विमा कंपन्या, विमानवाहतूक संस्था ह्यांचा व्यवहार ज्या प्रचंड संगणकांवर चालतो, त्यांस मेनफ्रेम असें म्हणतात. आय. बी. एम्. कंपनीनें १९६४ च्या एप्रिल महिन्यांत 'सिस्टिम-३६०' ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्याच वंशांतील यंत्रें आज 'झेड' ह्या नांवानें ओळखलीं जातात आणि त्यांवर मुख्यतः 'झेड-ओएस्' ही संचालनव्यवस्था चालते. शेंकडों कामें एकाच वेळीं, एकमेकांना धक्का लागूं न देतां उरकणें हा ह्या यंत्राचा धर्म. अर्थात् कोणतें काम केव्हां आलें, त्यानें काय वापरलें आणि कोणाच्या हुकमानें वापरलें, ह्याची नोंद ठेवल्यावांचून त्याचा एक दिवसहि निभावणार नाहीं.

ह्या यंत्राच्या मुख्य वह्या तीन. पहिली 'सिसलॉग'. यंत्र ऑपरेटरला जें जें कळवितें आणि ऑपरेटर यंत्राला जे जे हुकूम देतो, तें संभाषण तींत वेळेसह उतरतें. दुसरी 'एस्. एम्. एफ्.', म्हणजे सिस्टिम मॅनेजमेंट फॅसिलिटीज. हिच्यांत वाक्यें नसतात. ठराविक सांच्याच्या नोंदी असतात आणि प्रत्येक प्रकारच्या नोंदीस एक क्रमांक नेमलेला असतो. कामानें किती वेळ व किती साधनें खर्चिलीं हें ३० क्रमांकाच्या नोंदींत मिळतें. साधी फाइल वाचण्यासाठीं उघडून मिटली तर १४, लिहिण्यासाठीं उघडली असेल तर १५. सुरक्षाव्यवस्थेनें कोणास अडविलें तें ८० मध्यें सांपडतें. तिसरी वही 'लॉगरेक' ही यंत्राच्या अवयवांतील व प्रोग्रॅमांतील दोषांची होय. ती दुरुस्ती करणारांच्या कामाची असल्यामुळें येथें बाजूला ठेवण्यास हरकत नाहीं.

आतां ह्यांपैकीं एखादी वही लिहिली जाणें थांबलें तर काय होतें? चमत्कारिक गोष्ट अशी कीं, बहुधा तत्काळ कांहींच होत नाहीं. खातेदारांना पैसे मिळतात, पगार जमा होतात, तिकिटें निघतात. दिवा गेला तर अंधार पडतो, नळ गेला तर घागर रिकामी राहते. नोंद गेली तर कोणाचेंच अडत नाहीं. अडतें तें पंधरा दिवसांनीं. अमुक रात्रीं अमुक फाइल कोणी उघडली, असा प्रश्न हिशेबतपासनीस विचारतो, आणि त्या रात्रीच्या दोन ते साडेतीन ह्या वेळेचें पान कोरें निघतें. प्रामाणिक ऑपरेटरालाहि मग आपला प्रामाणिकपणा सिद्ध करतां येत नाहीं.

म्हणून नोंदींतील खंडाची चौकशी करतांना पहिला प्रश्न असा विचारावा लागतो कीं, नोंद खरोखर झालीच नाहीं, कीं झालेली सांपडत नाहीं? ह्या दुसऱ्या प्रकारांत निघणारीं प्रकरणें थोडीं नसतात. मेनफ्रेमचें अंतर्गत घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालविण्याचा प्रघात आहे. स्थानिक वेळ त्यांत ठराविक अंतर मिळवून काढली जाते. हिंदुस्थानांत तें अंतर साडेपांच तासांचें. मुंबईंत रात्रीं एक वाजतां घडलेली गोष्ट ग्रिनिचच्या हिशेबानें आदल्या दिवशीं सायंकाळीं साडेसातची ठरते. शोध घेणारानें कोणती वेळ अभिप्रेत आहे हें स्पष्ट सांगितलें नाहीं, तर तो भलत्याच तारखेचें पान उलटीत बसतो आणि नोंद गहाळ झाली म्हणून हाकाटी करतो. दुसरा भास ऑपरेटरच्या पडद्यावरून होतो. संदेशांची गर्दी आवरण्यासाठीं कांहीं संदेश पडद्यावर दाखवूं नयेत अशी यादी करून ठेवतां येते. असा संदेश पडद्यावर दिसत नाहीं. पण वहींत तो सहसा उतरलेला असतोच. पडदा आणि वही ह्या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत, हें नवशिक्याला अनुभवानेंच पटतें.

सिसलॉग थांबल्याचा संशय आला तर 'डिस्प्ले कॉन्सोल्स, हार्डकॉपी' असा हुकूम देऊन यंत्रालाच विचारावें. वही कोठें लिहिली जात आहे, कोणत्या वर्गाचे संदेश तींत घेतले जात आहेत आणि ऑपरेटरचे हुकूमहि उतरत आहेत कीं नाहींत, हें उत्तरांत येतें. हार्डकॉपी हें नांव आतां केवळ नांवापुरतें उरलें आहे. सिस्टिम-३६० च्या काळीं ऑपरेटरच्या हाताखालीं १०५२ क्रमांकाचें टंकलेखनयंत्र असे, आणि संभाषण खरोखरच कागदावर उमटे. कागद संपला तर तें डोळ्यांना दिसे. आज वही डिस्कवरील 'स्पूल' नांवाच्या सामायिक कोठारांत असते. तेथें इतर कामांचे छापावयाचे मजकूरहि सांठलेले असतात, आणि हें कोठार भरत आलेलें नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीं.

सिसलॉगच्या तक्रारी बहुतेक ह्या कोठारांतूनच निघतात. वही वेळच्या वेळीं तोडून बाजूस काढावी लागते. त्यासाठीं 'राइटलॉग' हा हुकूम आहे. वही तुटली कीं 'आयईई ०४३ आय' हा संदेश येतो. दररोज ठराविक वेळीं हा हुकूम आपोआप सुटावा अशी योजना बहुतेक ठिकाणीं केलेली असते. ती योजना बदलतांना कोणाच्या तरी हातून गळली, तर वही महिनेच्या महिने फुगत राहते. परंतु कोठार भरण्याचें खापर नेहमींच वहीवर फोडणें न्यायाचें नाहीं. एखादा बिघडलेला प्रोग्रॅम एकच ओळ लाखों वेळां छापीत सुटतो आणि सारें कोठार गिळून टाकतो. वही बिचारी त्यांत सांपडते. कोणत्या कामानें किती जागा अडविली हें कोठार सांभाळणाऱ्या 'जेस-२' ला विचारतां येतें, आणि वही पुन्हां चालूं करण्याच्या खटाटोपाआधीं तें विचारणेंच शहाणपणाचें. नाहींतर 'राइटलॉग स्टार्ट' म्हणून वही उघडावी, ती दहा मिनिटांत पुन्हां बंद पडावी, असा लपंडाव पहाटेपर्यंत चालतो.

एस्. एम्. एफ्. ची गोष्ट अधिक गंभीर आहे. अशी कल्पना करावी कीं, महिनाअखेरची रात्र आहे. व्याजाची आकारणी, खातेउतारे, पगारपत्रकें अशीं भारी कामें एकापाठोपाठ एक सुटलीं आहेत. एस्. एम्. एफ्. च्या जुन्या व अजूनहि प्रचलित असलेल्या पद्धतींत डिस्कवर दोन, तीन किंवा अधिक फाइली आंखून ठेवलेल्या असतात. त्यांचीं रूढ नांवें 'सिस१.मॅन१', 'सिस१.मॅन२' अशीं. यंत्र पहिली भरतें, भरली कीं दुसरीवर सरकतें, आणि पहिली रिकामी करून घ्या असें ऑपरेटरला कळवितें. रिकामी करणें ह्याचा अर्थ तिच्यांतील नोंदी टेपवर किंवा दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेऊन मग ती पुसणें. हें काम 'आयएफए-एसएमएफ-डीपी' हा प्रोग्रॅम करतो, आणि तो आपोआप सुरू व्हावा अशी सोय करतां येते. आतां त्या रात्रीं उतरवणीचें काम सुटलें खरें, परंतु रांगेंत जाऊन उभें राहिलें. कारण काम चालविणाऱ्या साऱ्या जागा महिनाअखेरच्या कामांनीं व्यापलेल्या. तोंवर दुसरी फाइल भरली. तिसरीहि भरली.

येथून पुढें घड्याळाशीं शर्यत असते. 'आयईई ३६६ आय' हा संदेश सांगतो कीं, लिहावयास फाइल उरलेली नाहीं, नोंदी स्मृतींत सांठविल्या जात आहेत. ह्या सांठवणुकीस मर्यादा असते. तिचा कितवा हिस्सा भरला हें यंत्र 'आयईई ९८६ ई' ह्या संदेशानें सांगूं लागतें; निराळें सांगितलें नसेल तर ही सूचना पाव भाग भरतांच येते. शेवटीं ती मर्यादाहि ओलांडली कीं 'आयईई ९७९ डब्ल्यू' येतो. त्याचा अर्थ नोंदी हरवूं लागल्या.

अशा वेळीं 'डिस्प्ले एस्. एम्. एफ्.' हा एक हुकूम सारें चित्र उभें करतो : प्रत्येक फाइलीचें नांव, ती कोणत्या डिस्कवर आहे, शेंकडा किती भरली आणि तिची स्थिति काय. स्थितीच्या रकान्यांत सर्वत्र 'डंप रिक्वायर्ड' दिसलें, तर दोष लिहिण्यांत नसून वाहून नेण्यांत आहे हें नक्की झालें. हें वाक्य साधें वाटतें, पण नोंदीच्या बहुतेक दुखण्यांचें मूळ तेथेंच सांपडतें. लिहिणारा भाग कणखर असतो. लिहिलेलें उचलून नेणारा हमाल आजारी पडतो आणि त्यामुळें लेखणी थांबते. त्या हमालास काय झालें हें पाहावें. तो रांगेंत अडकला आहे काय? जेथें उतरवावयाचें त्या डिस्कवर जागा संपली आहे काय? टेप चढलेली नाहीं काय? कीं परवांच बदललेल्या परवानगीमुळें सुरक्षाव्यवस्थाच त्यास दारांत अडवीत आहे? ह्या चार प्रश्नांबाहेर उत्तर क्वचितच असतें.

परंतु पहांटे तीन वाजतां, संदेशांचा भडिमार चालू असतां, एक मोह उत्पन्न होतो. उतरवणीच्या प्रोग्रॅमास तीन प्रकारें सांगतां येतें : 'ऑल' म्हणजे उतरवून पूस, 'डंप' म्हणजे नुसतें उतरव, 'क्लिअर' म्हणजे नुसतें पूस. तिसरा शब्द लिहिला कीं सेकंदांत फाइल मोकळी होते, संदेश थांबतात, वरिष्ठांची झोंप मोडत नाहीं. आणि संध्याकाळपासूनची पानें जळून जातात. योग्य मार्ग थोडा सावकाशीचा आहे. जेथें कोठें डिस्कवर जागा मिळेल तेथें एक फाइल उतरवावी व ती पुसावी. एक जरी मोकळी झाली तरी स्मृतींत तुंबलेल्या नोंदी तींत वाहूं लागतात आणि उरलेल्यांसाठीं श्वास घेण्यास अवधि मिळतो. नुसतें 'डंप' म्हणून थांबण्याची चूकहि पदरांत पडते. फाइल भरलेलीच राहते, दुसऱ्या पाळीचा माणूस ती पुन्हां उतरवितो, आणि त्याच नोंदी दप्तरांत दोनदां जातात. एस्. एम्. एफ्. च्या आंकड्यांवरून ज्या संस्था खात्याखात्यांस यंत्राचें भाडें आकारतात, तेथें मग एखाद्या खात्याला दुप्पट बिल जातें आणि महिनाभर पत्रव्यवहार चालतो.

हरवण्याची वेळ आली असतां यंत्रानें काय करावें, हें आधींच ठरवून ठेवावें लागतें. त्यासाठीं 'नोबफ्स' ह्या नांवाचा एक पर्याय आहे. त्यापुढें 'मेसेज' लिहिलें तर यंत्र संदेश देतें व काम चालू ठेवतें, नोंदी हरवतात. 'हॉल्ट' लिहिलें तर यंत्र जागच्या जागीं थांबतें. ह्या थांबलेल्या अवस्थेची खूण 'डी-शून्य-डी' ही आहे आणि तींतून यंत्र पुन्हां चालूं करतां येतें. पण तें थांबतें तेव्हां सारेंच थांबतें, खिडकीशीं उभा असलेला खातेदारसुद्धां. कांहीं न सांगितल्यास यंत्र पहिला मार्ग धरतें. म्हणजे व्यवहार चालावा, वही मागें राहिली तरी चालेल, असा हा निवाडा. तो पुष्कळ संस्थांना योग्यहि असेल. परंतु हा निवाडा कारखान्यांतून आलेला आहे, आपण केलेला नाहीं, हें ज्या संस्थेच्या चालकांना ठाऊकच नसतें, तिची स्थिति अवघड म्हणावी लागेल. जेथें कायद्यानें प्रत्येक नोंद अवश्य आहे, तेथें हा प्रश्न ऑपरेटरवर टाकणें हा त्याच्यावर अन्याय होय. तो चालकांच्या बैठकींत, दिवसाढवळ्या सुटला पाहिजे.

कधीं कधीं हमाल धडधाकट असतो, ओझेंच अकस्मात् दसपट होतें. डेटाबेस तपासण्यासाठीं कोणी 'डीबी-२' चा बारीक माग चालूं करतो आणि काम झाल्यावर बंद करावयास विसरतो. मग १०२ क्रमांकाच्या नोंदींचा लोंढा सुरू होतो. उतरवणीचा प्रोग्रॅम शेवटीं एक गोषवारा छापतो : कोणत्या क्रमांकाच्या नोंदी किती. हा गोषवारा शहाणा माणूस रोज नजरेखालून घालतो, कारण रोजच्या चालीची संवय असल्याशिवाय लोंढा ओळखतां येत नाहीं. झेड-ओएस् च्या १.१२ ह्या २०१० सालच्या आवृत्तींत अशा पुरावर धरण बांधण्याची सोय आली. अमुक क्रमांकाच्या नोंदी अमुक वेगापेक्षां अधिक येऊं लागल्या तर नुसती सूचना द्यावी कीं त्या टाकून द्याव्या, हें आधीं लिहून ठेवतां येतें. टाकून देण्याचा पर्याय मात्र फार जपून वापरावा; ८० क्रमांकाच्या नोंदींचा पूर आला तर तो बहुधा चोराच्या पावलांचाच असतो.

२००७ च्या १.९ ह्या आवृत्तीपासून एस्. एम्. एफ्. ला मॅन फाइलींऐवजीं 'लॉग स्ट्रीम' वापरण्याची मुभा मिळाली. अनेक यंत्रें एकत्र जोडून चालविलीं असतां त्या सर्वांचें संभाषण एकाच वहींत मिसळून ठेवणारा 'ऑपरलॉग' ह्याच व्यवस्थेवर चालतो. नोंद प्रथम वेगवान स्मृतींत पडते. ती स्मृति ठराविक मर्यादेपर्यंत भरली कीं नोंदी डिस्कवरील फाइलींत ढकलल्या जातात. ही मर्यादा निराळी न सांगितल्यास शेंकडा ८० असते. एक फाइल भरली कीं यंत्र आपण होऊन दुसरी बनवितें. मॅन फाइलींची यातायात गेली असें पाहून पुष्कळांनीं सुटकेचा निःश्वास टाकला.

पण ओझें वाहण्याचा प्रश्न सुटला नाहीं, त्यानें वेष पालटला. प्रत्येक लॉग स्ट्रीमला प्रथम १६८ फाइलींची यादी मिळते. अधिक हवी असल्यास निराळी तरतूद करून ठेवावी लागते. आतां फाइलीचा आकार कोठेंच नेमलेला नसेल तर ती दोन ट्रॅकांएवढी ठेंगणी निघूं शकते. दोन ट्रॅक म्हणजे शंभर किलोबाइटच्या आंतबाहेर. अशा १६८ मिळूनहि सुमारें सोळा मेगाबाइटच भरतील. गजबजलेलें यंत्र एवढा मजकूर पाहतां पाहतां ओकतें. डिस्क ओस पडलेली, आणि यादी मात्र भरली म्हणून लिहिणें बंद, असा विचित्र देखावा दिसतो. जुन्या फाइली मोडीत काढण्याचें कामहि आपोआप होत नाहीं. किती दिवस ठेवावें आणि मुदत संपल्यावर आपोआप पुसावें कीं नाहीं, हें सांगावें लागतें. न सांगितल्यास पुसणें हें कोणातरी प्रोग्रॅमाचें किंवा माणसाचें काम राहतें. यादीचीं वाढीव पानें संपत आलीं म्हणजे 'आयएक्सजी २६१ ई' व पुढें 'आयएक्सजी २६२ ए' हे संदेश येतात. ते दिवसा, शांतपणें, बरेच आधीं येतात. म्हणूनच त्यांकडे दुर्लक्ष होतें. अनेक यंत्रांची वही एकच असेल तर आणखी एक गोष्ट पाहावी : त्या फाइली 'शेअर ऑप्शन्स ३, ३' अशा सामायिकपणानें बनल्या आहेत ना? तसें नसेल तर एका यंत्रानें बनविलेली फाइल दुसऱ्यास उघडतां येत नाहीं, आणि दोष वहींत आहे कीं यंत्रांत हें कळेपर्यंत सकाळ होते.

यंत्र बंद करण्याच्या वेळींहि नोंदी गळतात. स्मृतींत राहिलेल्या शेवटच्या नोंदी डिस्कवर उतराव्या म्हणून बंद करण्यापूर्वीं 'हॉल्ट ईओडी' हा हुकूम द्यावयाचा असतो. घाईंत तो राहिला तर दिवसाचीं शेवटचीं कांहीं मिनिटें वहींत येत नाहींत. पुढें कोणी तीं शोधूं लागला म्हणजे त्यांत काळेंबेरें असल्याचा संशय येतो. वास्तविक तेथें एका माणसाला घरीं जावयाची घाई झालेली होती, एवढेंच असतें.

इतकेंहि करून त्या महिनाअखेरच्या रात्रीं खंड पडलाच, असें समजावें. पहांटे चार वाजतां डिस्कवर जागा सांपडली, एक फाइल उतरली, पुसली गेली आणि लेखणी पुन्हां चालूं लागली. हरवलेल्या नोंदी परत येत नाहींत. परंतु जागा मिळतांच यंत्र एक निराळी नोंद लिहून टाकतें. तिचा क्रमांक ७. खंड केव्हां सुरू झाला, केव्हां संपला आणि त्या अवधींत किती नोंदी हरवल्या, हें तींत असतें. चौकशी करणारानें उतरलेल्या फाइलींतून ही सात क्रमांकाची नोंद प्रथम वेंचून काढावी. त्या रात्रीचा सिसलॉग शाबूत असेल, तर त्या दोन वेळांच्या मधला ऑपरेटरचा एकएक हुकूम तिच्याशीं ताडून पाहावा; आणि मग हिशेबतपासनिसापुढें कोरें पान ठेवण्याऐवजीं दोन वेळा व एक आंकडा लिहिलेला कागद ठेवावा, खालीं त्या पाळीच्या माणसाची सही घेऊन.